एकतीस गलबते आणि सात शिडे

फार पूर्वी समुद्रकाठच्या वेलावती नगरीत सुबाहू राजाचा अंमल होता. त्या काळी बोधिसत्त्वाने शिडे शिवणाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव क्षेमक. बंदराला लागून त्याची लांबलचक पडवी होती. तिथे तो, त्याची विधवा बहीण उत्पला आणि आणखी वीस-बावीस माणसे मांडी घालून जाड कापडावर दिवसभर दाभण चालवीत. वेलावतीचे गलबत या पडवीतले नवे शीड चढवल्याशिवाय कधी समुद्रावर जात नसे. एका गलबताला एक मोठे शीड, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत होती.

दुसरी एक रीत तर याहूनही जुनी होती. गलबत खाडीतून बाहेर पडू लागले की किनाऱ्यावरची सगळी माणसे पाठ फिरवून उभी राहत. जाणाऱ्या गलबताकडे बघायचे नाही, आणि ते परत येईपर्यंत त्याचा विषय काढायचा नाही. विषय काढला की गलबत बुडते, असा सर्वांचा पक्का समज. कुणी चुकून तोंड उघडलेच तर बायाबापड्या कानांवर हात ठेवत. समुद्रावर पोट असलेली माणसे समुद्राला भिणारच, त्यात नवल काय? पण त्यांच्या या भीतीवर कुणी तीन मजली माडी बांधील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

ती माडी बांधली नगरशेठ वसुनंदाने. मोठा गोडबोल्या माणूस! त्याने एकेका गलबताचे शंभर वाटे पाडले आणि वाट्यागणिक एक पितळी चकती विकायला काढली. गलबत परतले की चकतीवाल्याला नफ्यातला वाटा मिळायचा. पहिल्या वर्षी तीन गलबते आली, नफा हातात पडला आणि लोकांना चटक लागली. मग चकत्यांचाच बाजार भरू लागला. सकाळी पाच नाण्यांना घेतलेली चकती संध्याकाळी सातला जाई. आता गलबत परतायची वाट कोण बघत बसतो! पलीकडच्या चार बंदरांतले सावकारही चकत्या उचलू लागले. कुंभाराने चाक विकले, कोळणींनी पाटल्या मोडल्या. चकतीमागे खरोखर गलबत आहे का, हे विचारायची सोयच नव्हती. विचारणारा अभद्र ठरला असता.

क्षेमकाला कुणाला विचारावे लागले नाही. एके वर्षी, त्याच वर्षातल्या एकतिसाव्या गलबताच्या चकत्या बाजारात आल्या, त्या दिवशी त्याने सहज बोटांवर मोजून पाहिले. त्या वर्षी पडवीतून शिडे गेली होती सात. त्याने पुन्हा मोजले. सातच. उरलेली चोवीस गलबते शिडाशिवाय कुठे गेली असतील, हे कळायला काही फार अक्कल लागत नाही.

तरी तो काही दिवस गप्प बसला, हेही सांगितले पाहिजे. बोधिसत्त्व झाला म्हणून काय, तोही त्याच किनाऱ्यावर पाठ फिरवून मोठा झाला होता. अभद्र बोलायला त्याचीही जीभ रेटेना.

मग एके दिवशी दवंडी फिरली. राजा दुष्काळी कोठारातले धान्य परदेशी व्यापाऱ्यांना विकणार आणि त्या पैशात चकत्या घेणार होता. त्या वर्षी शेते करपली होती. नवे पीक हाती येईपर्यंत नगरीची सगळी भिस्त त्या एका कोठारावर होती. पौर्णिमेला कोठाराचे कुलूप निघणार, असे ठरले.

दुसऱ्याच दिवशी वसुनंद स्वतः पडवीत आला. नगरीत शिडांचा आकडा ठाऊक असलेला माणूस एकच आहे, हे न समजण्याइतका तो दूधखुळा नव्हता.

"क्षेमका, तुझ्यासाठी चारशे चकत्या बाजूला ठेवल्यात," तो म्हणाला.

"मला कशाला, शेठजी? मी काय केलं?"

"काही केलं नाहीस आणि काही करायचंही नाही. नुसतं गप्प बसायचं. अरे, गप्प बसायचे एवढे पैसे कुणाला मिळतात?"

"चोवीस गलबतं कुठं आहेत, शेठजी?"

वसुनंदाने कानांवर हात ठेवले नाहीत. तो हसला. "लोक आहेत म्हणतायत ना? मग आहेत. त्यांचा विश्वास आहे तोवर सगळ्यांच्या घरात दिवा आहे. तुला तो विझवायचाय का?"

क्षेमकाने चारशे चकत्या नाकारल्या. त्या संध्याकाळी त्याने उत्पलेला सगळे सांगितले आणि पौर्णिमेला दरबारात जाऊन बोलणार असल्याचेही सांगितले. ऐकून तिच्या तोंडचे पाणी पळाले. तिच्याकडे साठ चकत्या होत्या. नवरा गेल्यापासून ती भावाच्या मागल्या खोलीत राहत होती आणि स्वतःचे दोन खणांचे घर बांधायचे, एवढी एकच आस धरून तिने बारा वर्षांची कमाई त्या पितळेत घातली होती.

"दादा, तुझ्या पाया पडते," ती म्हणाली. "पौर्णिमा पाच दिवसांवर आहे. ही पौर्णिमा जाऊ दे. आठ दिवस फक्त गप्प बस. तेवढ्यात मी माझ्या विकून मोकळी होते. मग तू खुशाल बोल."

"कोठार पौर्णिमेला उघडणार आहे, उत्पले. आणि तुझ्या चकत्या विकशील कुणाला?"

"कुणालाही! घेणारे रांग लावून उभे आहेत."

"मग त्या घेणाऱ्याचं काय होईल?"

उत्पला रडू लागली. "माझं काय होईल ते नाही विचारलंस," ती म्हणाली. क्षेमकाला फार वाईट वाटले. बहिणीच्या घरावर आपल्याच हाताने नांगर फिरवायचा, ही कल्पनाच त्याला सोसेना. पण कोठार गेले तर सगळ्या नगरीची चूल विझणार होती, आणि त्यात उत्पलेचीही चूल होती. त्याचा बेत बदलला नाही.

पौर्णिमेला दरबार खचाखच भरला. कोठाराच्या किल्ल्या राजापुढे तबकात ठेवल्या होत्या. क्षेमक पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, समुद्रावर गेलेल्या गलबतांविषयी बोलायचं आहे."

दरबारात हलकल्लोळ माजला. शेकडो हात कानांवर गेले. कुणी ओरडले, "अरे, त्याचं तोंड धरा कुणीतरी!"

क्षेमक थांबला नाही. "या वर्षी मी सात शिडं शिवली. बाजारात चकत्या एकतीस गलबतांच्या आहेत."

वसुनंद उसळून उठला. "हा अभद्र माणूस आपली गलबतं बुडवायला निघालाय, महाराज!"

राजा सुबाहू घाबरट होता, पण मूर्ख नव्हता. त्याने क्षेमकाला बोलू दिले. क्षेमक म्हणाला, "गलबतांची नावं घेऊ नका, महाराज. तांडेलांची घ्या. गलबत हाकणाऱ्या माणसाचं नाव घ्यायला तर आपल्यात बंदी नाही. शेठजींना एकतीस तांडेलांची नावं सांगू द्या."

वसुनंदाने नावे सांगायला सुरुवात केली. पहिली सात भराभर आली. पुढची चार जरा अडखळत आली. बाराव्या नावाला एका म्हाताऱ्या खलाशाने मान वर केली आणि म्हणाला, "तो तर तीन वर्षांपूर्वी वारला, शेठजी. मीच खांदा दिला होता." त्यानंतर वसुनंदाने पहिल्या सातांतलेच एक नाव पुन्हा घेतले. तेव्हा लोकांचे हात हळूहळू कानांवरून खाली आले. राजाने कोठाराची विक्री थांबवली.

दुपारपर्यंत चकतीचा भाव सातावरून एकावर आला आणि दिवेलागणीला ती कुणी फुकटही घेईना. बातमी पलीकडच्या चार बंदरांत पोहोचली, तिथल्या पेढ्यांची दारे बंद झाली. नगरीत रडारड सुरू झाली. गंमत पाहा, लोकांनी सगळे खापर फोडले ते क्षेमकाच्या डोक्यावर. "याने तोंड उघडलं नसतं तर काही झालं नसतं," असे जो तो म्हणू लागला. पडवीवर दगड पडले.

तिसऱ्या दिवशी वसुनंद पुन्हा दरबारात आला, आणि या वेळी त्याच्याबरोबर चार अमात्य होते. त्या अमात्यांकडेही पोत्यांनी चकत्या होत्या. तो म्हणाला, "महाराज, झालं ते झालं. आता कोठारातलं धान्य माझ्या पेढीला द्या. पेढी उभी राहिली की भाव वर येईल. मी बुडालो तर माझ्याबरोबर सगळी नगरी बुडेल."

अमात्यांनी माना डोलावल्या. राजाने क्षेमकाला बोलावून घेतले आणि त्याचे मत विचारले.

"महाराज," क्षेमक म्हणाला, "भाव वर जात होता तेव्हा नफा एका माडीत गेला. त्या वेळी शेठजी म्हणाले नाहीत की हे सगळ्या नगरीचं आहे. आता खड्डा पडलाय, तर तो मात्र सगळ्यांचा! धान्य पेढीला दिलंत तर पेढी वाचेल आणि माणसं मरतील. ते माणसांना द्या. ज्याच्या घरात जेवढी तोंडं, तेवढी मापं."

राजाने त्याचे ऐकले. धान्य वाटायला काढले, वसुनंदाची माडी जप्त केली आणि जवळचे सगळे गेलेल्या घरांना तिचे मोल वाटून दिले.

वाटपाच्या दिवशी कोठारापुढे रांग लागली. सगळ्यांच्या शेवटी, डोक्यावरून पंचा ओढून, वसुनंद उभा होता. त्याची पाळी आली तसा मोजणारा थबकला. आजूबाजूचे लोक ओरडले, "त्याला समुद्रात ढकला!" क्षेमक पुढे गेला आणि मोजणाऱ्याला म्हणाला, "त्याच्या घरात तोंडं किती? पाच ना? मग पाच मापं घाल." वसुनंदाने पदरात घेतात तसे पंच्यात धान्य घेतले. त्याला वर बघवले नाही.

उत्पला महिनाभर भावाशी बोलली नव्हती. जप्तीच्या वाटपातून तिच्या वाट्याला जे आले, त्यात घराचे एक दारही झाले नसते. त्या दिवशी धान्य घेऊन ती आली आणि त्याच्या शेजारी बसली. समोर सुकेशी नावाची शेजारीण चार लेकरांना घेऊन पोते बांधत होती.

"दादा, तुला एक सांगायचं राहिलं," उत्पला म्हणाली. "माझ्या साठही चकत्या घ्यायला ही सुकेशीच तयार होती. घर गहाण टाकणार होती. मी तिला होही म्हटलं होतं."

उत्पला उठली आणि पोत्याचे दुसरे टोक धरायला सुकेशीकडे गेली.

ही कथा सांगून झाल्यावर बुद्ध झालेल्या शास्त्याने भिक्खूंना त्या जन्माची ओळख अशी पटवली: तेव्हाचा राजा सुबाहू म्हणजे आजचा गृहपती अनुरथ. उत्पला म्हणजे विहाराला दररोज पाणी भरणारी उपासिका सुनेत्रा. वसुनंद म्हणजे भिक्षेच्या वेळी आपले पात्र सर्वांच्या मागून पुढे करणारा भिक्खू कोंडिल. दगड मारणारे आणि नंतर तेच धान्य जेवणारे नगरजन म्हणजे आज इथे बसलेली तुम्ही मंडळी. आणि शिडे शिवणारा क्षेमक म्हणजे मी. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जिचा अभ्यास केला, ती सत्याची पारमी, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारी सत्याची साधना होय.