वाळू कोण बदलायचं?

“मग मला फेटा कधी बांधताय, वस्ताद?”

सर्जेरावने हे तिसऱ्यांदा विचारलं. फेटा बांधला की कोल्हापूरची तालीम त्याची. भैरू वस्तादांनंतर वस्ताद आपणच, असं त्याने मनाशी धरलं होतं. कालच या परक्या शहरात त्याने गादीवरच्या कुस्तीत सोन्याचं पदक मारलं होतं.

वस्ताद समोरचे दगड बघत होते.

दोघे रोमन लोकांच्या जुन्या आखाड्यापाशी उभे होते. अर्धाच शिल्लक होता. बुजलेल्या अर्ध्यावरून ट्राम धावत होती.

पडक्या कमानीशी वस्तादांनी वहाणा काढल्या. सर्जेराव बुटांसकट आत गेला. मधोमध उभं राहून त्याने शड्डू ठोकला. दगडी पायऱ्यांनी तो परत केला. कबुतरं उडाली.

“चीत झाली कबुतरं,” वस्ताद म्हणाले.

सर्जेराव हसला. मग पाटीवरचं इंग्रजी वाचून सांगू लागला. इथे माणसं मरेपर्यंत लढत. हजारो लोक बघत. खाली वाळू पसरलेली असे. रक्ताने भिजली की ती काढून नवी टाकत.

वस्ताद वाकले. चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली.

“वस्ताद, ही आपली माती नव्हं.”

“वाळू कोण बदलायचं?”

“आँ?”

“रक्ताची वाळू. कोण उपसायचं?”

“पाटीवर नाही ते. असेल कोणी गडी. त्याला कोण विचारतंय?”

“मी विचारतोय.”

...

ट्राम गेली. पायाखालची जमीन थरथरली.

तालमीतला मातीचा हौदा रोज पहाटे उकरावा लागतो. ताक, तेल घालून मऊ राखावा लागतो. नाहीतर पडणाऱ्याचं हाड मोडतं. हे काम पठ्ठ्याचं. पहिलं पदक मिळाल्यापासून चार वर्षं सर्जेराव गादीवरच खेळत होता.

त्याने खाली बघितलं. हळूच बूट काढले.

“आपल्या तालमीतलं खोरं कुठं असतं?” वस्तादांनी विचारलं.

सर्जेरावने बूट हातात घेतले.

“हौद्याजवळच... कुठंतरी...”

वस्ताद कमानीकडे वळले. वहाणा पायात सरकवल्या.

“दाराआड. चार वर्षांत दांडा दोनदा बदललाय मी.”