गाळलेला पौष

एका राज्यात घाईला देवासारखं पुजत. तिथल्या राजाचं नाव चंडवेग. जेवायला बसला की त्याला हात धुवायची घाई, घोड्यावर चढला की उतरायची. राजा तसा वाईट नव्हता. पण थांबणं म्हणून काही असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

एकदा कार्तिकात नगरीतले व्यापारी दरबारी आले. म्हणाले, "महाराज, मार्गशीर्षापर्यंत सगळं झकास चालतं. मग येतो पौष. पौषात लग्न नाही, वास्तुशांत नाही, नव्या दुकानाचा नारळ फुटत नाही. असला भाकड महिना हवा कशाला?"

राजाला पटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि इथे तर नवरा राजा आणि बाशिंग सोन्याचं! त्याने कालजठर मांत्रिकाला बोलावणं धाडलं. हा कालजठर नगराबाहेरच्या कोरड्या बारवेत राहायचा आणि लोकांनी टाकून दिलेला वेळ खाऊन जगायचा. तीनशे वर्षांचा होता, दात सगळे शाबूत.

"महिना देतोस?" त्याने विचारलं.

"देतो."

"काय म्हणून?"

"निरुपयोगी म्हणून."

"तसं लिहून दे."

राजाने ताडपत्रावर लिहून दिलं. मार्गशीर्षाची अमावास्या सरली, लोक झोपले, उठले तो माघ लागला होता. पौष एका काळ्या मडक्यात बंद होऊन बारवेच्या तळाशी गेला. नगरीत लग्नांचे ताशे वाजू लागले आणि व्यापाऱ्यांनी राजाला पेढे धाडले.

पेढे संपायच्या आत विपरीत दिसू लागलं. शाळूची कणसं पोचट राहिली. नव्या भिंती उभ्या राहिल्या आणि चार दिवसांत बसल्या. तीळगूळ वाटायचा सण आलाच नाही, त्यामुळे वर्षभराची भांडणं मिटायची तशीच राहिली. राजाने याकडे काणाडोळा केला. पण एका गोष्टीकडे त्याला काणाडोळा करता येईना.

त्याची एकुलती एक लेक, राजकन्या केतकी, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मार्गशीर्षात तिला आठवा लागला होता. माघ गेला, फाल्गुन सरत आला, तरी तिला आठवाच. पोट वाढेना, कळा येईनात, केतकी मात्र दिवसेंदिवस वाळत चालली.

राही आक्का म्हणून म्हातारी सुईण होती. राजाही तिच्याच हातावर जन्मला होता. ती सरळ दरबारात आली.

"महाराज, पोरीचा नववा महिना पौष होता. तो तुम्ही देऊन टाकलात. बाळ त्याची वाट बघत बसलंय."

राजाचं तोंड उतरलं. राज्यातल्या सगळ्या लग्नांचा हिशेब त्याने केला होता, लेकीच्या महिन्यांचा केला नव्हता.

"मग आता?"

"तीन दिवसांनी पाडवा. एकदा गुढ्या उभ्या राहिल्या की वर्ष मिटलं. मग पौष गेला तो गेलाच, आणि पोर अन् बाळ दोघंही गेली."

राजा तलवार उपसून तळ्याच्या वाटेने बारवेकडे निघाला. तळ्याकाठी एक चक्रवाक पक्षी अडकून पडला होता. दरवर्षी पौष इथे काढायचा आणि माघात उत्तरेला उडायचं, असा त्याच्या कुळाचा रिवाज. यंदा काढायला पौषच नव्हता. तो माणसाच्या वाणीने बोलला.

"राजा, तलवारीने मडकं फुटेल, महिना सांडेल. तुझ्या ताडपत्रावरचा शब्द कोणता?"

"निरुपयोगी."

"तो खोटा ठरव."

राजा बारवेत उतरला. कालजठर मडक्याला टेकून बसला होता. राजाने चक्रवाकाचं बोलणं सांगितलं, तसा तो हसला.

"ठीक. पौषावाचून होत नाहीत अशा तीन गोष्टी दाखव. रोज एक. चुकलास तर मडकं माझं."

पहिल्या दिवशी राजा गावोगाव फिरला. सगळीकडे पोचट कणसं. सांजेला एका म्हातारीच्या आढ्याला बियाण्याचं एकच कणीस टांगलेलं दिसलं, मागच्या वर्षीच्या शाळूचं. राजाने हात घातला, तिने तो झटकला.

"मागावं, ओढू नये."

राजाने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याने मागितलं. तिने दिलं, आणि म्हणाली, "पावसाचा थेंब नसताना दाणा भरतो, तो पौषाच्या दवावर." कालजठराने कणीस चोळलं. दाणे टपोरे, मोत्यासारखे. मडक्याच्या तोंडाला बांधलेल्या दोरीच्या तीन गाठींपैकी एक सुटली.

दुसऱ्या दिवशी राजा पाथरवटांच्या आळीत गेला. वृद्ध पाथरवटाने त्याला किल्ल्याच्या जुन्या तटाशी नेलं आणि चुन्याचा एक गोळा काढून दिला. काढताना दोन छिन्न्या मोडल्या.

"चुना मळला की महिनाभर ओला मुरवावा लागतो, महाराज. तुमच्या आजोबांनी ह्या भिंतीला एक पौष दिला. तुम्ही नव्या भिंतींना दिला नाहीत."

कालजठराने गोळ्यावर घण घातला. घणाचा दांडा तुटला, गोळा तसाच. दुसरी गाठ सुटली. राजाला वाटलं, आता जिंकलं.

पण तिसरी गोष्ट सापडेना. दिवस उजाडला, शेवटचा. राजाने प्रधानाला विचारलं, व्यापाऱ्यांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, पौषात काही होत नाही. तो लेकीच्या दालनाशी आला. केतकीच्या ओठांचा रंग गेला होता. राजाला रडू कोसळलं.

"आक्का, तिसरं काय होतं पौषात?"

"काही होत नाही."

"तेच सगळे सांगतात!"

"मग ऐका की. काही होत नाही, हेच होतं. माणूस थांबतो. अन् एक ध्यानात ठेवा, आठव्यातलं मूल ओढून काढलं तर हाती काही लागत नाही."

राजा बारवेत उतरला आणि म्हणाला, "तिसरी गोष्ट म्हणजे थांबणं."

कालजठराचं हसू मावळलं. "मग थांबून दाखव. महिन्याचे दिवस तीस, म्हणून तीस घटका. हात मडक्यावर, हुकूम नाही, हालचाल नाही."

त्याने घंगाळातल्या पाण्यात घटिकापात्र सोडलं. तळाला भोक असलेली ती तांब्याची वाटी एका घटकेत भरून बुडे. राजाने तलवार दूर टाकली आणि मडक्यावर हात ठेवला. पहिल्या वाटीलाच त्याच्या पायाला उठायची घाई झाली. पाचव्या वाटीला अंग घामाने भिजलं. दहाव्या वाटीला कालजठराने एक रिकामं मडकं उघडलं, आणि आतून केतकीचा आवाज आला.

"बाबा, सोसवत नाही! फोडा ते मडकं!"

खरा की खोटा, कळायला मार्ग नव्हता. राजाने डोळे मिटले. पंधरा वाट्या बुडाल्या. वीस बुडाल्या. आवाज क्षीण होत गेला, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. एकोणतिसावी वाटी बुडाली तेव्हा चक्रवाक राजवाड्यावरून उडत आत आला. चक्रवाक खोटं बोलत नसे.

"राजा, बाळ हलायचं थांबलं."

"एक धोंडा," कालजठर कुजबुजला. "एकच घाव."

धोंडा हाताशी होता. राजाचा उजवा हात उचलला जाऊ लागला. तो मडक्यावरून सुटायच्या आत त्याने डाव्या हाताने तिथेच दाबून धरला. आयुष्यभर त्याने सैन्यं हलवली होती, पण एवढं जड काही धरून ठेवलं नव्हतं. वाटी हळूहळू भरत होती. राजा मोठ्याने रडत होता, आणि बसून होता.

तिसावी वाटी बुडाली. तिसरी गाठ आपोआप सुटली. मडक्यातून थंडी निघाली, मग धुकं, मग तीस दिवस एकामागून एक, शिस्तीत. कालजठराला खायला काही उरलं नाही. त्याची तीनशे वर्षं एकदम त्याच्या अंगावर आली आणि जागेवर मूठभर राख राहिली.

त्या वर्षी फाल्गुनानंतर पौष आला. गुढ्या महिनाभर उशिरा उभ्या राहिल्या, आणि कुणी तक्रार केली नाही. दव पडलं, पोचट कणसं भरली, तीळगूळ वाटून भांडणं मिटली. पहिल्याच पहाटे केतकीच्या पोटात बाळ हललं. पौषाच्या अखेरीस तिला मुलगी झाली, आणि आक्काने ती राजाच्या ओंजळीत ठेवली. चक्रवाक उत्तरेला उडून गेला.

पुढल्या मार्गशीर्षात व्यापारी पुन्हा आले. नव्या पेठेचा बेत होता, पौषातच नारळ फोडावा, असं त्यांचं म्हणणं. राजा अंगणात उन्हाला बसला होता. मांडीवर नात होती, आणि तो तिच्या आईला कणसातला हुरडा काढून देत होता.

"पेठ माघात," चंडवेग म्हणाला. "घाई काय आहे?"

बारा महिन्यांची ही कहाणी, एकही महिना न गाळता, पुरी झाली.