बाजिंद्या कुठे झोपतो

घर घ्यायच्या आधी माणसं आपल्या कुत्र्याचं मत घ्यायची, त्या काळातली गोष्ट. शहराच्या टोकाला एक नवी इमारत होती. तिच्या दारात बाजिंद्या नावाचा कुत्रा बसायचा. गिऱ्हाइकांच्या कुत्र्यांपुढे घराची तारीफ करावी म्हणून बिल्डरने त्याला रोजची दूध-पोळी लावून दिली होती. इमारतीखाली एक बुजवलेली विहीर होती. तिथली जमीन अजून खचतेय, हे बाजिंद्याच्या पंजांना कळत होतं.

एका संध्याकाळी चिंगी नावाची म्हातारी कुत्री आली. मागोमाग तिचा धनी आला, कडेवर तान्ही मुलगी घेऊन.

"घर कसं आहे रे?" चिंगीने विचारलं.

"झकास. फरशी गार, वारा भरपूर."

"मग तू झोपतोस कुठे?"

बाजिंद्याने मागे वळून पाहिलं. बिल्डर कान देऊन उभा होता. पोळी समोरच होती. कडेवरची पोर त्याच्याकडे बघून हसली.

बाजिंद्या उठला. पोळीला तोंड न लावता रस्ता ओलांडून गेला आणि पलीकडच्या वाळूच्या ढिगावर त्याने अंग टाकलं. तिथे त्याच्या अंगाएवढा खळगा कधीचाच पडलेला होता.

चिंगी उंबऱ्यात आडवी झाली आणि धन्याला आत पाऊल टाकू देईना.