मुका रिले

टक्... म्हणजे कॉइल चालू. टक्... म्हणजे बंद.

"आणि आता आवाज का येत नाही?" मी विचारलं.

नरहरी हसला. पॉलिटेक्निक करून दस्तगीर मिस्त्रींच्या हाताखाली वायरिंग शिकायला आला होता. सोलापुरातल्या आमच्या रंगखान्यात टाकीचं पाणी तापवणारी कॉइल चालू-बंद करायला त्यानं नवा रिले बसवला होता. काड्यापेटीएवढा.

"हा मुका आहे, मल्लेशमामा. ह्याला इकडून पाच व्होल्ट दिले, की तो तिकडे कॉइलला दोनशे तीस सोडतो. पाच काढले, की बंद."

"पाचाचं ऐकतो दोनशे तीस?"

"ऐकावंच लागतं. शिवाय दोघांची गाठही पडत नाही. मधे एक बारीक उजेड असतो, निरोप त्यानंच जातो."

मला ते भारी वाटलं. मी तिसरी शिकलेलो. भिंतीवरच्या जुन्या कॉन्टॅक्टरचा, त्या आवाज करणाऱ्या स्विचचा, टक् ऐकायचा आणि टाकीत हात घालायचा, एवढंच मला येत होतं.

त्या सकाळी सुताची एक लड कॉइलला गुंडाळली गेली होती. काठीनं निघेना. हातच घालावा लागणार होता.

नरहरीनं बटण फिरवलं. रिलेवरचा लाल दिवा विझला.

"घाला हात."

मी बाही खांद्यापर्यंत वर केली. पाणी निळंशार होतं, तळ दिसत नव्हता. कान आपोआप भिंतीकडे गेले... काहीच नाही. मी हात तिथेच थांबवला.

"मामा, घाबरता काय? पाच व्होल्टला मुंगीसुद्धा मरत नाही."

माझी बोटं पाण्यापासून वीतभर राहिली होती.

"थांब, मल्लेश."

दस्तगीर मिस्त्री दारात उभे होते. हातात चहाची बशी. ती त्यांनी सावकाश खाली ठेवली.

"बंद आहे?"

"बंद आहे, उस्ताद," नरहरी म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"दिवा विझलाय की."

"दिवा कुणाचा? पाचाचा, का दोनशे तीसचा?"

नरहरीनं दिव्याकडे पाहिलं. "...पाचाचा."

"म्हणजे निरोप गेला. पोचला का?"

"न पोचायला काय झालं? नवा कोरा रिले आहे, उस्ताद. तुमच्या त्या खटारा कॉन्टॅक्टरसारखा नाही."

मिस्त्रींनी पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढला. एक हात पाठीमागे धरला, दुसऱ्या हातानं दोन्ही टोकं टाकीच्या काठावर आलेल्या कॉइलच्या खिळ्यांना टेकवली.

बल्ब लख्ख पेटला.

मी मागे सरकलो ते थेट भिंतीला लागेपर्यंत. कोरडा हात उगाचच झटकत राहिलो.

नरहरीनं बटणाकडे पाहिलं. दिवा विझलेलाच होता. त्यानं बटण पुन्हा फिरवलं, इकडे, तिकडे... बल्ब जळतच होता.

"रिले आतून चिकटलाय..." त्यानं बटण सोडलं. "जळलाय तो, उस्ताद."

"हां. जळला, तरी कामावर."

"पण मी बंद केलं होतं..."

"तू सांगितलंस, बेटा."

मिस्त्री बोर्डापाशी गेले आणि दोन्ही फ्यूज ओढून काढले. बल्ब विझला. टोकं त्यांनी पुन्हा एकदा कॉइलला टेकवून पाहिली. अंधारच.

नरहरीनं हात पुढे केला. "द्या उस्ताद, मी सांभाळतो. कुणाला लावू देत नाही."

मिस्त्रींनी मूठ मिटली. माझ्यापाशी आले. माझ्या सदऱ्याच्या खिशात दोन्ही फ्यूज टाकले आणि वरून हळूच थोपटलं.

"मला का नाही?" नरहरीनं विचारलं. "काम माझं आहे."

"हात कुणाचा आहे?"

नरहरी माझ्या उघड्या दंडाकडे बघत राहिला. मग दाराबाहेर निघून गेला.