जीपचे टायर

गाड्यांना बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. शेवंताबाईंची छोटी मोटार शेजारच्या जीपच्या रुंद टायरांवर फार जळायची. आपले टायर झिजल्यावर ती हटून बसली, “मला जीपसारखेच हवेत.”

“अगं, ते तुझ्या मापाचे नाहीत,” शेवंताबाई म्हणाल्या. पण मोटार ऐकेना, म्हणून त्यांनी तसेच टायर बसवले.

शेवंताबाईंना घेऊन मोटार ऐटीत घाट चढू लागली. पहिल्याच अवघड वळणावर टायर मडगार्डला घासून अडकले. मोटार वळेचना; कशीबशी दरीच्या कठड्याशी थांबली. मागून आलेल्या जीपने तिला दोर बांधून ओढून घेतलं.

“हस आता मला,” मोटार म्हणाली.

“हसू कशाला?” जीप म्हणाली. “या वळणावर तू एका दमात वळायचीस. मला मागेपुढे करावं लागतं. मीच तुझ्यावर जळत होते.”