पांढऱ्या उंदरांना निरोप

“...ते खरं. पण हाड कोण करणार?” बाईंनी विचारलं.

“मी,” डॉक्टर निमकर म्हणाले.

बाई नुसत्या “हं” म्हणाल्या.

बाई म्हणजे आल्हाट डॉक्टर. आमच्या भागातल्या मिशन दवाखान्यात फाटके ओठ शिवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. माझी ईश्वरी जन्मली ती ओठ फाटलेला आणि टाळू उघडी, अशीच. दोन्ही त्यांनीच शिवलं. आता हात थरथरतो म्हणून त्यांनी सुरी खाली ठेवली, पण मंगळवारी येऊन व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात.

निमकर त्यांचे शिष्य. परदेशात शिकून आलेले. हुशार फार. आपण हुशार आहोत हे त्यांना आमच्याआधी माहीत.

ईश्वरी आता तिसरीत आहे. तिच्या वरच्या हिरडीत अजून खाच आहे. तिथं हाडच नाही. पक्का सुळा उतरायला लागलाय, पण उतरून उभा कशात राहणार? जमीनच नाही.

आधीची रीत म्हणजे कमरेचं हाड काढून तिथं भरायचं. ते ऐकल्यापासून मला घास उतरत नव्हता. एवढीशी पोर... तोंडासाठी कंबर कापायची?

आणि निमकरांनी नवं सांगितलं. दुधाच्या दाताच्या आत जो जिवंत मगज असतो, त्यातल्या पेशी पुण्याच्या लॅबमध्ये वाढवायच्या. खाचेत एक बारीक जाळी बसवायची, आपण दोडक्याला मांडव घालतो तशी. त्या मांडवावर पेशी चढणार आणि हाड धरणार. अजून तपासून बघायचं काम चालू आहे, खात्री कुणी देत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण मला पुढचं ऐकूच आलं नाही. माझ्या पोरीचा पडायचा दात आणि त्यातून हाड! मी घरी जाऊन तीनदा सांगितलं, तरी नवऱ्याला खरं वाटेना.

आज तो दिवस होता. तिचा खालचा दुधाचा सुळा लोंबत होता. गुलाबी पाण्याची बाटली बर्फाच्या डब्यात तयार होती. पुण्याची गाडी दारात उभी होती. दात निघाला की लगेच बाटलीत जायला हवा, वाळला की आतलं सगळं मेलं.

“त्या पेशी आत्ता काय आहेत रे?” बाईंनी विचारलं.

“अजून काहीच नाहीत, बाई. तीच तर गंमत! काही झालेल्या नाहीत, म्हणूनच काहीतरी होऊ शकतात.”

“आणि तू?”

“मी? मी सर्जन आहे.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या.

निमकर हसले. मीही हसले, पण मला काही कळलं नव्हतं.

मग ते ईश्वरीपुढे आले. “चल बाळ, आ कर.”

ईश्वरीनं तोंड मिटलं.

“आ कर ना. दुखणार नाही.”

तिनं तोंडावर हातही ठेवला.

मी तिला चॉकलेट दाखवलं. पाठीवरून हात फिरवला. मग दंडाला चिमटा घेतला. काही उपयोग नाही. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. पोरगी नको तिथं बापावर जाते.

“हे बघ,” निमकरांचा आवाज चढला, “पुण्यात माणसं ताटकळलीत. मशीन चालू करून ठेवलीत. नुसतं तोंड उघडायचंय तुला!”

ईश्वरी हलली नाही.

निमकर बाईंकडे वळले. “बाई, तुम्ही सांगा हिला.”

“मी कशाला?” बाई म्हणाल्या. “तू हाड करणार आहेस ना? कर.”

...

निमकरांचे कान लाल झाले. त्यांच्यापाशी बाटली होती, बर्फ होता, गाडी होती, परदेशातली विद्या होती. आणि समोर एक मिटलेलं तोंड.

बाई खुर्चीतून उठल्या. ईश्वरीला उचलून त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं. मग गुडघा धरत धरत स्वतः खाली फरशीवर टेकल्या.

बाई खाली बसल्यावर निमकर उभे कसे राहणार? ते बसले. मीही बसले.

बाईंनी बर्फाचा डबा निमकरांच्या मांडीवर ठेवला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. जणू आता त्यांचं इथं काही काम नाही.

निमकरांनी डबा दोन्ही हातांनी सावरून धरला. मग वर मान करून हळू विचारलं, “का नाही देत गं दात?”

ईश्वरी हाताआडून नाकात बोलली, “कौलावर टाकायचा अस्तोय.”

“काय?”

“आज्जी म्हनती. दात कौलावर टाकायचा न् उंदराला सांगायचं, ह्यो घे न् मला तुझ्यासारखा दे. नाय टाकला तर नवा येत नाय.”

“अगं, असं काही नसतं! उंदराचा काय—”

बाईंनी डोळे न उघडता घसा खाकरला.

“बरं,” ते म्हणाले. “मागचे दात टाकलेस कौलावर?”

“सगळे. न् सगळे आले. ह्यो बघा, ह्योबी आला.” दाखवायला तिनं हात काढला, आणि आठवल्यावर पुन्हा ठेवला. “तुमी बाटलीत घालून नेनार. मग उंदराला कसं कळनार?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंचं उंदराचं शास्त्र आणि एवढे मोठे डॉक्टर! मी “गप गं” म्हणणार होते. बाईंचा हात माझ्या हातावर पडला.

निमकर विचारात पडले होते. खरंच विचारात.

“आम्हाला ना, फक्त आतला मगज लागतो,” ते म्हणाले. “वरचं कवच आम्ही टाकूनच देतो.”

ईश्वरीचे डोळे मोठे झाले. “टाकताय? मग कौलावर टाका की!”

“तिथं कौलं नाहीत. स्लॅब आहे.”

“चालतंय. उंदीर हायती का?”

निमकरांनी चटकन बाईंकडे पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेलेच होते, पण पोट हलत होतं. त्या हसत होत्या.

“आहेत,” निमकर म्हणाले. “पिंजऱ्यात. पुष्कळ. पांढरे.”

“पांढरे?” ईश्वरी खुर्चीत उभीच राहिली. “पांढऱ्यांचं दात आमच्याकडच्यापरीस चांगलं असतील ना?”

“लोखंडासारखे. पिंजरा कुरतडतात.”

“मग त्यांस्नीच सांगा! नीट सांगा पन. म्हनून दाखवा.”

“मी?”

“मग कोन?”

हॉर्न पुन्हा वाजला. निमकरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी हात जोडले. मी पाहिलंय माझ्या डोळ्यांनी, खाली फरशीवर मांडी घालून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “उंदीरमामा, हा घे... आणि ईश्वरीला तुझ्यासारखा दे.”

“मामा नाय म्हनायचं. नुसतं उंदरा.”

“उंदरा, हा घे, आणि ईश्वरीला तुझ्यासारखा दे.”

“आता बरोबर.”

आणि पोरीनं आ केलं. एवढं मोठं आ केलं की वरची खाचसुद्धा सगळ्यांना दिसली. चारचौघांत ती कधी दाखवत नाही.

निमकरांनी सुळा चिमटीत धरून ओढला. कट् वाजलं. मुळाशी रक्त लागलेला सुळा गुलाबी पाण्यात बुडाला. ईश्वरी रडली नाही. मीच रडले, आणि हसले, आणि मला पदर कुठं आहे ते सापडेना. जिवंत आहे! वाळला नाही! मी बाटलीलाच नमस्कार केला.

निमकर डबा छातीशी धरून पायऱ्या धडाधड उतरले. गाडीचं दार उघडलं, तेवढ्यात ईश्वरी कठड्याला लोंबकळून ओरडली,

“ओ! उंदरानं इचारलं, तू कोन, तर काय सांगनार?”

निमकर थबकले. तोंड उघडलं. ‘सर्जन’ म्हणतील, मला वाटलं.

...

“सांगीन,” ते म्हणाले, “ईश्वरीनं पाठवलंय.”

गाडी गेली. बाईंनी डोळे उघडले, गुडघ्यावर हात दाबून उठल्या आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

“जेव आता, पोरी. आता होईल हाड.”