ब्रेक लावल्यानंतर

“म्हणजे पळून जायचं का, सर?”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. प्रश्न विचारणारा रोशन तायडे मात्र हसत नव्हता. इंजिन ड्रायव्हर होण्यासाठी तो या प्रशिक्षण केंद्रात आला होता, आणि आल्या दिवसापासून सगळे त्याला सुखदेव तायड्यांचा मुलगा म्हणूनच ओळखत होते.

पीरजादे सर फळ्याकडून वळले. उमेदीची सगळी वर्षं इंजिनात काढून ते आता नव्या पोरांना शिकवत होते. त्यांनी नुकतंच सांगितलं होतं, की धडक टळत नाही असं दिसलं की इमर्जन्सी ब्रेक लावायचा, हॉर्न वाजवायचा आणि खुर्ची सोडून मागच्या दारानं इंजिनखोलीच्या बोळात शिरायचं. कारण आधी चेपते ती पुढची केबिन.

“ब्रेक लागल्यावर तुझ्या हातात काय उरतं?” सरांनी विचारलं.

“गाडी.”

“ती ब्रेकच्या हवाली केलीस. तुझ्या हातात काय?”

 गप्प बसणं रोशनच्या स्वभावात नव्हतं.

“माझे वडील उठले नाहीत,” तो म्हणाला. “फाटकात खडीचा डंपर अडकला होता. ते शेवटपर्यंत खुर्चीत होते, तिथंच गेले. मागचा एकही प्रवासी दगावला नाही.”

 ही हकिकत तिथं सगळ्यांना ठाऊक होती.

“त्यांनी ब्रेक वेळेवर लावला,” सर म्हणाले. “म्हणून माणसं वाचली.”

“आणि बसून राहिले म्हणून...”

“म्हणून काय?” सरांनी खडू खाली ठेवला.  

“चल,” ते म्हणाले.

केंद्राच्या मागे शिकवण्यासाठी ठेवलेलं एक जुनं इंजिन होतं. सुखदेवराव चालवायचे त्याच जातीचं. रोशन केबिनमध्ये चढला आणि ड्रायव्हरच्या खुर्चीत बसला. त्याची छाती आपोआप ताठ झाली.

सर मागच्या बोळात गेले आणि दार लावून घेतलं.

“ब्रेक लाव आणि ये,” पलीकडून आवाज आला.

त्यानं दांडा ओढला आणि उठायला गेला. गुडघे समोरच्या यंत्रांच्या टेबलाखाली अडकले. खुर्ची मागे सरकेना. तो तिरका झाला, तर पँटचा खिसा खुर्चीच्या हातात गुंतला. तो सोडवून दाराशी पोचला, तर दार केबिनच्या आत उघडणारं, आणि उघडता उघडता खुर्चीच्या पाठीला थडकलं. अंग चोरून तो कसाबसा बोळात आला.

सर शांत उभे होते.

“परत.”

या वेळी त्यानं घाई केली. नडगी सोलपटली, दार पुन्हा तिथंच अडलं. त्याला सरांचा राग आला. हा माणूस आपल्या वडिलांचं काहीतरी काढून घेतोय, असं त्याला वाटलं.

“परत.”

तो पुन्हा खुर्चीत बसला... आणि उठलाच नाही. खाली वाकून खुर्चीच्या पायाशी हात फिरवू लागला.

सर दारातून आत आले.

“ही मागे का सरकत नाही?” रोशननं विचारलं.

“बोल्ट मारलेत.”

“का?”

“हलू नये म्हणून.”

“आणि दार? बोळाच्या बाजूला उघडलं असतं तर?”

“तर तू एव्हाना माझ्या शेजारी असतास.”

रोशननं पुन्हा एकदा गुडघे टेबलाखालून काढून पाहिले. हळूच. मग खुर्चीचा हात वर उचलला जातो का, ते पाहिलं. जात नव्हता. वाद घालायचा होता हे तो विसरूनच गेला होता. टेबल आणि खुर्ची यांच्यामधली जागा तो वितीनं मोजू लागला.

मोजता मोजता त्याचा हात थांबला.

“सर... बाबांना उठायचं होतं का?”

सरांनी वाकून खुर्चीच्या बोल्टवर बोट ठेवलं.

“ते जागचे हलले नाहीत, असं सगळे म्हणाले,” ते म्हणाले. “मग उठता येत होतं का, हे कुणी पाहिलंच नाही.”

“पण तुम्हाला काय वाटतं?”

“मला?... खुर्चीला विचार.”